पाच शनिवारांचा महिना

मोबाइल वाजला तेव्हा ठिणगीच्या आईच्या हातांत चादरीची दोन टोकं होती. उरलेली दोन मावशीच्या हातांत होती. मोठ्या धुलाईखान्यात चादरीची घडी एकटीने घालता येत नाही. इस्त्रीच्या रुळांतून निघालेली गरम चादर दोघींनी समोरासमोर धरायची, झटकायची, एकमेकींकडे चालत जायचं, टोकं जुळवायची, मागे व्हायचं, पुन्हा जुळवायची. दिवसाला सहाशे चादरी. मजुरी जोडीला मिळते, चादरींच्या आकड्यावर, आणि दोघींत निम्मी-निम्मी होते. म्हणून इथल्या बायका नवऱ्यापेक्षा जोडीदारीण जास्त पारखून घेतात, असं मावशी म्हणायची. तिने दोन्ही निवडी केल्या होत्या आणि जोडीदारीण बरी निघाली होती.

घडी पुरी झाली, गठ्ठ्यावर गेली, मग ठिणगीच्या आईने हात पुसून मोबाइल पाहिला. सरकारी संदेश होता. गेल्या महिन्याचं उत्पन्न मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने तिचं पाळणाघर अनुदान स्थगित करण्यात आलं होतं.

"अधिक?" मावशी म्हणाली. "कुणाचं, तुझं? मग कुठे दडवून ठेवलंयस ते मलाही सांग."

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नव्हती. ठिणगी अडीच वर्षांची होती. खरं नाव वेगळं होतं, पण जन्मल्यापासून तिने कुणाला स्वस्थ बसू दिलं नव्हतं, म्हणून सगळे तिला ठिणगी म्हणायचे आणि आईला ठिणगीची आई. बाप दोन वर्षांपूर्वी कामासाठी दुसरीकडे गेला तो पत्ता द्यायला विसरला. आई कामावर असताना ठिणगीला सांभाळायला पाळणाघर होतं, आणि पाळणाघराची फी आईच्या निम्म्या मजुरीहून जास्त होती. नोकरी करणाऱ्या आईबापांसाठी सरकार त्या फीचा मोठा भाग भरतं, असं कळल्यावर तिने अर्ज केला होता. तो मंजूर व्हायला वर्ष गेलं. पैसे येऊ लागून दोनच महिने झाले होते, आणि आता हे.

उत्पन्न वाढलंबिढलं काही नव्हतं. गेल्या महिन्यात शनिवार पाच आले होते, एवढंच झालं होतं. धुलाईखान्याचा पगार दर शनिवारी बँकेत जमा होतो. हॉटेलं भरलेली असली की जास्त, रिकामी असली की कमी, पण शनिवार चुकत नाही. चार शनिवारांच्या महिन्यात चार पगार, पाच शनिवारांच्या महिन्यात पाच. सरकारने मर्यादा महिन्यावर बांधली आणि महिन्यात किती शनिवार असतात हे कुणाला विचारायचं बहुधा राहून गेलं. पाचवा पगार जमा झाला आणि ठिणगीची आई दोन दिवसांच्या मजुरीएवढी श्रीमंत ठरली.

पाळणाघरातल्या ताई वाईट नव्हत्या. त्यांनी वही उघडून दाखवली. रांगेत अठरा मुलं होती.

"अनुदान पुढच्या महिन्यापासून सुरू झालं नाही तर मला ठिणगीची जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल," त्या म्हणाल्या. "या महिन्याची पूर्ण फी भरा, तेवढा वेळ धरून ठेवते."

ठिणगीच्या आईने शिलाई मशीन विकून फी भरली. संध्याकाळी त्यावर शेजारणींचे पडदे शिवून दोन पैसे यायचे, तेही गेले. आता विकण्याजोगं घरात काही उरलं नव्हतं, आणि पाळणाघर गेलं की नोकरीही गेली, कारण अडीच वर्षांच्या पोरीला वाफेच्या यंत्राजवळ बसवून चादरींच्या घड्या घालता येत नाहीत. हिशेब एवढा सरळ होता. सरळ हिशेब कार्यालयात घेऊन गेलं की त्याला फाटे फुटतात, हे तिला अजून ठाऊक नव्हतं.

पहिल्या दिवशी ती सकाळी आठला अनुदान कार्यालयाच्या रांगेत उभी राहिली. पिवळं टोकन मिळालं. साडेबाराला चार नंबरच्या खिडकीशी पोचली. खिडकीतल्या बाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि पडद्यावर पाहिलं.

"पाच जमा आहेत. मर्यादा ओलांडली."

"बाई, पाचवा पगार वेगळ्या कामाचा नाही. शनिवारच पाच आले. कॅलेंडर बघा ना."

"कॅलेंडर मी बघून काय करू? यंत्रणा जमा झाल्याची तारीख बघते."

"मग यंत्रणेला सांगा."

बाईंनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू हे वाक्य त्या दिवसातून दहादा ऐकत असाव्यात. "हरकत नोंदवा," त्या म्हणाल्या. "पगार आठवड्याला होतो असं मालकाचं पत्र आणा. शिक्क्यासकट. आणि टोकन सांभाळून ठेवा, हरवू नका."

टोकन ठिणगीने सांभाळलं. घरी आल्याआल्या तिने ते आईच्या हातून ओढलं आणि आपल्या चित्रांच्या वहीत डिंकाने चिकटवलं. पिवळा रंग तिला फार आवडायचा. आईने काढायला हात घातला तर तिने असं भोकाड पसरलं की वरच्या मजल्यावरची बाई खाली डोकावली. राहू दे, म्हणून आईने वही तशीच कागदपत्रांच्या पिशवीत टाकली.

धुलाईखान्यात सकाळी आठच्या घंटेला जोडीने पहिली चादर उचलली की मुकादम दोघींच्या नावापुढे खूण करतो. उशिरा आलेल्याला घेत नाहीत, कारण यंत्र कुणासाठी थांबत नाही. म्हणजे कार्यालयाची एक फेरी म्हणजे एक पूर्ण दिवस बुडाला. तोही एकीचा नाही. जोडीदारीण नसली की मावशीला टॉवेल मोजायला बसवत, आणि टॉवेल मोजण्याची मजुरी चादरींच्या निम्मी. मावशी त्याबद्दल कधी चकार शब्द काढत नसे. ती बोलली असती तर ठिणगीच्या आईला जरा बरं वाटलं असतं.

पत्र द्यायचं काम हिशेबनीस काकांचं. काका म्हणजे सज्जन माणूस, कुणाचं काम अडवायचं नाही हा त्यांचा बाणा. त्यांनी वळणदार अक्षरात पत्र लिहिलं, खाली सही केली आणि शिक्का शोधायला लागले. कचेरीचा शिक्का मालकांच्या कपाटात होता आणि मालक परगावी. काकांनी क्षणभर विचार केला, मग तपासणीच्या टेबलावरचा शिक्का उचलून पत्रावर हाणला. तो चादरींवर मारायचा शिक्का होता. कधी न जाणारी निळी शाई, गोलात आकडा, आणि खाली ठसठशीत अक्षरांत 'धुतले व तपासले'.

"शिक्का तो शिक्का," काका म्हणाले. "धुलाईखान्याचाच आहे ना?"

तिलाही ते पटलं. चार वर्षं रोज हजारो चादरींवर तोच शिक्का पाहिलेला, त्यात खोट ती काय काढणार.

दुसऱ्या फेरीला चार नंबरच्या बाईंनी पत्र उजेडात धरलं. बराच वेळ धरलं.

"कोणाला धुतलं?" त्यांनी विचारलं.

रांगेतले दोन-तीन जण हसले. ठिणगीची आई कानांपर्यंत लाल झाली. तिला काकांचा राग आला, बाईंचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला, कारण ती तो कागद पिशवीत जपून, सुरकुती पडू न देता घेऊन आली होती.

तिसऱ्या फेरीला योग्य शिक्का होता तर यंत्रणा बंद पडली होती. काचेवर 'थोड्या वेळाने या' असा कागद डकवला होता. तो जुना, कडा पिवळ्या पडलेला कागद होता, म्हणजे हा थोडा वेळ बऱ्याच वर्षांचा असावा. ती तीन वाजेपर्यंत बसली. चौथ्या फेरीला यंत्रणा चालू होती आणि साहेब जागेवर होते, आणि त्यांनी तिची हरकत दोन मिनिटांत फेटाळली. जमा झालेली रक्कम म्हणजे उत्पन्न. ती का जमा झाली हा प्रश्न नियमात नव्हता. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं म्हणतात, पण नकटीला निदान आपलं लग्न कुणाशी लागणार हे तरी माहीत असतं.

"गेल्या महिन्याचं सोडून द्या आता," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज किंचित उतरला होता. "या महिन्यात शनिवार चारच आहेत. उत्पन्न मर्यादेत बसेल. शेवटच्या तारखेला नवा अर्ज करा, पुढच्या महिन्यापासून सुरू होईल."

ती शेवटच्या तारखेची वाट पाहत राहिली. ती तारीख सोयीचीही होती. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी धुलाईखान्यात बॉयलर साफ करतात, काम दुपारी एकला सुरू होतं आणि हजेरी पूर्ण दिवसाची धरतात. आठ ते एक कार्यालय, एकला घंटा. या वेळी दिवस बुडणार नव्हता, मावशीला टॉवेल मोजावे लागणार नव्हते. असं चक्क जमून येतंय म्हटल्यावर तिला आदल्या दिवशीच संशय यायला हवा होता.

त्या दिवशी तिचा नंबर बारा वाजून दहा मिनिटांनी लागला. बाईंनी उत्पन्न पाहिलं आणि मान डोलावली. चार शनिवार, त्यात चार दिवस बुडालेले. आकडा मर्यादेच्या इतका खाली होता की बाईंनी तो दोनदा तपासला.

"उत्पन्न बसतंय," त्या म्हणाल्या. मग पुढचं पान उघडलं आणि थांबल्या. "हजेरी एकवीस दिवस. बावीस लागतात."

"कसली बावीस?"

"अनुदान नोकरी करणाऱ्या पालकांसाठी आहे. महिन्यात बावीस दिवस कामावर असलं पाहिजे, तरच नोकरी करता असं धरतात. तुमचे चार दिवस खाडे आहेत. कुठे होतात?"

ठिणगीच्या आईला वाटलं बाई थट्टा करतायत. तिने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा नव्हती.

"इथे होते," ती म्हणाली.

"इथे म्हणजे?"

तिने पिशवीतून चित्रांची वही काढली आणि काचेखालून आत सरकवली. पहिल्या पानावर जांभळं मांजर होतं, निदान ठिणगी त्याला मांजर म्हणायची. दुसऱ्या पानावर ओळीने चार पिवळी टोकनं चिकटवली होती, प्रत्येकावर तारीख, आणि प्रत्येकाला ठिणगीने खडूने दोन हात नि दोन पाय काढले होते.

"या तुमच्या तारखा. हा तुमचा कागद. चारही दिवस मी इथे तुमच्यासमोर उभी होते आणि आता तुम्ही मला विचारताय कुठे होतात."

बाईंनी पान पाहिलं.

"हे धरता येत नाही," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "याचा रकानाच नाही."

"आज एकला घंटा आहे. मी गेले तर बावीस भरतात."

"मग आजच्या हजेरीचं पत्र आणून द्या. चारच्या आत. चारला महिना बंद होतो."

"पत्र घेऊन मध्येच निघाले तर मुकादम खूण खोडतो. मग एकवीसच राहतात." ती ओरडली नाही. ओरडायला अंगात त्राण लागतं. "कामावर राहिले तर कागद नाही, कागद आणला तर काम नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. गेल्या महिन्यात मी जास्त कमावलं म्हणून बंद केलंत. या महिन्यात कमी काम केलं म्हणून बंद करताय, आणि कमी का केलं, तर तुमच्या रांगेत उभी होते म्हणून. मला एकदा सांगून टाका बाई, तुम्हाला कशी आई हवी आहे. मी तशी होते."

बाईंनी चष्मा काढला. पुसण्यासारखा तो घाण झालेला नव्हता, तरी पुसला.

"तुम्हीच आणायला हवं असं नियमात नाही," त्या म्हणाल्या. "कुणीही आणलं तरी चालेल. अर्ज मी वर काढून ठेवते, साहेबांची सही घेते. पण चारच्या आत. आणि शिक्का बघून मारा. चादरीचा नको."

ती बसमधून उतरून जी धावत सुटली ती थेट घडीच्या टेबलापाशी थांबली. एकला दोन मिनिटं कमी होती. मावशी चादरीची आपली दोन टोकं धरून उभी होती, उरलेली दोन टेबलावर तिच्या बाजूला ठेवलेली. मुकादम पेन घेऊन समोर. ठिणगीच्या आईने टोकं उचलली, घंटा झाली, खूण पडली. श्वास तिने नंतर घेतला.

चादरी झटकता झटकता तिने मावशीला सगळं सांगितलं. मावशीने जेवणाची सुट्टी संपवून आलेल्या हिशेबनीस काकांना हाक मारली आणि त्यांनाही सांगितलं, आपल्या पद्धतीने, म्हणजे काकांचा त्या धुण्याच्या शिक्क्यावरून उद्धार करत.

"तुमच्या त्या शिक्क्यापायी पोरीचा एक दिवस गेला की नाही? आज तोच एक दिवस कमी पडतोय."

काकांना गेली कित्येक वर्षं जेवणाच्या सुट्टीशिवाय खुर्चीतून उठलेलं कुणी पाहिलं नव्हतं. त्यांनी हजेरीचं पत्र लिहिलं. मालकांच्या कपाटातला शिक्का आणला, तो आधी कोऱ्या कागदावर मारून वाचला, मग पत्रावर मारला. डोक्याला हेल्मेट चढवलं आणि जुन्या स्कूटरवरून निघाले. तीन वाजायला दहा कमी होते.

मग नुसती वाट पाहायची होती, आणि चादरी थांबत नव्हत्या. साडेतीन झाले. स्कूटर वाटेत बंद पडली असेल. पावणेचार झाले. काका चुकीच्या खिडकीशी उभे असतील, टोकन घेऊन शहाण्यासारखे बसले असतील. चार वाजले. टोकं जुळेनात, दोन घड्या वाकड्या गेल्या आणि मावशीने त्या पुन्हा उलगडल्या. पाळणाघरातल्या खुंटीवर ठिणगीची पिशवी असते, त्यावर सशाचं चित्र आहे. उद्या तिथे दुसऱ्याच मुलाची पिशवी असेल, हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

चार वाजून बारा मिनिटांनी मोबाइल वाजला. दोघींच्या हातांत चादर ताणलेली होती. मावशीने आपली टोकं सोडून दिली. कितीतरी वर्षांत तिने चादर मध्येच सोडली नव्हती.

"अर्ज मंजूर," तिने ठिणगीच्या आईचा मोबाइल उचलून, लांब धरून वाचलं. "पाळणाघर अनुदान पुढील महिन्यापासून पूर्ववत."

ठिणगीची आई जमिनीवर बसली आणि चादरीत तोंड घालून रडली. चादर स्वच्छ होती, नुकती इस्त्री झालेली. मावशीने मुकादमाला दुरूनच हाताने थांब म्हणून खूण केली, आणि मुकादम थांबला.

रडून झाल्यावर तिने डोळे पुसले तर मावशी भिंतीजवळ होती. तिथे साबणाच्या कंपनीचं कॅलेंडर लटकतं. मावशीने पुढच्या महिन्याचं पान वर केलं होतं आणि बोटाने शनिवारच्या रकान्यावरून वरून खाली येत होती. बोट खालपर्यंत गेलं. पुन्हा वर गेलं आणि पुन्हा खाली आलं.

"किती?" ठिणगीच्या आईने विचारलं.

मावशीने पान सोडून दिलं. "चादर उचल आधी. जमिनीला लागली, परत धुवायला टाकावी लागेल."

"मावशी, किती?"

"पाच."

रुळांतून पुढच्या चादरी येऊन टेबलावर साचत होत्या. मावशी आपल्या जागी आली, वरची चादर उचलली आणि दोन टोकं तिच्याकडे दिली.

"घाबरू नकोस. दोन दिवसांच्या मजुरीनेच चढलं होतं ना? मग शेवटच्या आठवड्यात हळू घड्या घालू. सहाशेच्या चारशे. मर्यादेखाली राहशील, हजेरीही भरेल."

"म्हणजे तुझीही मजुरी कमी होणार. तुझं काय नडलंय?"

"तू एकटी हळू कशी होशील, पोरी? दुसरी दोन टोकं माझ्या हातात आहेत."

ठिणगीच्या आईला आता रडू येईना. तिला संताप आला होता, आणि तो कुणावर काढायचा हे कळत नव्हतं. हात भाजून घेत, बोटांची सालं काढत ती चार वर्षांत सहाशे चादरींवर आली होती. आता पोरीची जागा राखायची तर तेच विसरायचं होतं, आणि तिच्याबरोबर साठीला आलेल्या बाईनेही विसरायचं होतं.

"आत्तापासून सवय करू," मावशी म्हणाली.

दोघींनी चादर झटकली आणि एकमेकींकडे चालायला लागल्या. हळू चालायला फार लक्ष द्यावं लागत होतं. दोन पावलं जमली, तिसऱ्याला पाय आपोआप भरभर पडले, हातांनी टोकं जुळवून टाकली आणि घडी रोजच्या वेळेत गठ्ठ्यावर गेली. त्यांनी दुसरी घेतली. तीही तशीच झाली. तिसरीला मात्र मध्यावर पोचून दोघी टोकाला टोक लावून उभ्या राहिल्या, आणि मुकादमाने लांबून विचारलं, "काय गं, दमलात का?"

"नाही," ठिणगीची आई म्हणाली. "मर्यादेत राहतोय."

मुकादमाला काही समजलं नाही. ती मनातल्या मनात दहापर्यंत मोजत तशीच उभी राहिली, आणि समोर मावशीचे ओठही हलत होते.